मोकाशी सर पडद्याकडे पाठ करून बसले

एका जाणत्या शिक्षकाकडे एकदा त्यांचा जुना विद्यार्थी एक निवाडा लिहून घेऊन आला. सल्ला मागावा असे त्याच्या मनात नव्हते. सरांनी निवाडा वाचावा आणि मान डोलवावी, एवढीच त्याची अपेक्षा होती.

शिक्षकांचे नाव मोकाशी. पुण्याहून एस.टी.ने दोन तासांवर असलेल्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या महाविद्यालयात, चौतीस वर्षे त्यांनी भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिके घेतली होती. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षे झाली होती. विद्यार्थ्याचे नाव सुकृत. अकरावी-बारावीला तो त्यांच्या प्रयोगशाळेत होता. प्रयोगवहीत काय दिसले ते एका रकान्यात लिहावे, त्यावरून काय वाटले ते दुसऱ्यात, ही सवय सरांनीच त्याला लावलेली. पुढे तो अभियंता झाला, पण त्याचे नाव झाले ते लेखनाने. एका वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत तो व्हिडिओ गेम्सवर सदर लिहीत असे. सरांनी आयुष्यात एकही गेम खेळला नव्हता, तरी ते त्याचे सदर न चुकता वाचत आणि एखादा शब्द खटकला तर पोस्टकार्ड पाठवून कळवीत.

या वेळचा लेख नेहमीपेक्षा मोठा होता. दोन प्रतिस्पर्धी खेळांची त्यात तुलना होती. दोन्ही खेळ एकाच जातीचे. खेळणारा पडद्यावर एक शिकारी होतो, अरण्यात शिरतो, महाकाय श्वापदाशी झुंजतो. ते पडले की त्याच्या शिंगांतून आणि कातड्यातून शस्त्रे-चिलखते घडवतो आणि ती घेऊन त्याहून मोठ्या श्वापदाच्या मागे लागतो. यांतला जुना खेळ ‘दंष्ट्रा’. सहा वर्षे या प्रांतात त्याला तोड नव्हती. नवा होता ‘रानवेध’, चार महिन्यांपूर्वी आलेला. दोन्हींच्या चाहत्यांत रोज इंटरनेटवर हमरीतुमरी चाले. सुकृतचा शब्द त्या लोकांत प्रमाण मानला जाई, त्यामुळे तो काय म्हणतो याची दोन्ही बाजूंना प्रतीक्षा होती.

या लेखामागे आणखी एक गोष्ट होती. ती सुकृतने सरांना सांगितली नव्हती.

‘दंष्ट्रा’ चौघांनी मिळून खेळायचा खेळ आहे. सुकृतची चौकडी सहा वर्षांची होती: तो, महाविद्यालयातले दोन मित्र आणि शाल्मली. चौघे चार शहरांत पांगले, नोकऱ्या बदलल्या, एकाचे लग्न झाले. पण शनिवारी संध्याकाळी कानाला हेडफोन लावून चौघे एकाच अरण्यात भेटत. शाल्मली धनुष्य घेऊन मागे थांबायची आणि कोण कुठे अडकला आहे ते तिला सर्वांत आधी दिसायचे. वडील गेले त्या वर्षी सुकृत घरात कोणाशी धड बोलत नव्हता. शनिवारी मात्र बोलायचा. शिकारीबद्दलच बोलायचा, पण बोलायचा.

चार महिन्यांपूर्वी शाल्मली ‘रानवेध’ खेळू लागली. “तुम्हीही या,” ती म्हणाली. बाकी दोघे गेले. सुकृतने अकरा तास खेळून पाहिला आणि सोडला. “एकदा नीट खेळून तर बघ,” असे ती दोन-तीनदा म्हणाली. तो म्हणाला, “नीटच खेळलो. भिकार आहे.” मग शब्दाने शब्द वाढला. तू हट्टी आहेस, असे ती म्हणाली. तुला पारख नाही, असे तो. त्यानंतर दोन महिने दोघांचे बोलणे बंद होते. शनिवारी संध्याकाळी सुकृत ‘दंष्ट्रा’त एकटाच शिकार करीत असे.

हा लेख त्या भांडणातला त्याचा शेवटचा शब्द असणार होता. बारा मुद्द्यांचा तक्ता, प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण. ‘दंष्ट्रा’ला एकशे चार, ‘रानवेध’ला एकोणसत्तर.

त्याने फोन केला तेव्हा सर म्हणाले होते, “नुसता कागद आणू नकोस. खेळही आण. आमच्याकडे टीव्ही आहे.”

म्हणून शुक्रवारी दुपारी तो पाठीवर खेळाच्या यंत्राचा बोजा घेऊन सरांच्या दारात उभा राहिला. सरांनीच चहा केला. सुकृत टीव्हीमागच्या तारा जोडत होता तोवर ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून लेख वाचत राहिले. अगदी सावकाश. काही ठिकाणी ते मागे जाऊन पुन्हा वाचीत. सुकृतला आपली तोंडी परीक्षा चालली असल्यासारखे वाटू लागले.

“भाषा चांगली आहे,” सर शेवटी म्हणाले. “तक्ताही व्यवस्थित आहे. मला एक सांग, या दोन खेळांत वार करायचं बटण एकच असतं का?”

“नाही सर. ‘दंष्ट्रा’त उजव्या अंगठ्यानं वार करायचा. ‘रानवेध’मध्ये मागच्या बाजूला, तर्जनीखाली. उडी मारून बाजूला व्हायचं बटणही वेगळं. त्यांनी सगळंच उलटंपालटं केलंय.”

“आणि ही बटणं बदलता येतात?”

“येतात. मांडणी हवी तशी करून घेता येते.”

“मग ‘दंष्ट्रा’ लाव,” सर म्हणाले, “आणि त्याची बटणं ‘रानवेध’सारखी करून टाक.”

सुकृतला वाटले, आपण काही चुकीचे ऐकले. “उलट म्हणताय का सर? ‘रानवेध’ची बटणं ‘दंष्ट्रा’सारखी?”

“नाही. म्हणालो तसंच.”

त्याने तसे केले. त्यातून काय साधणार हे त्याला कळत नव्हते, पण प्रयोगशाळेत सरांनी सांगितलेले आधी करायचे आणि मग विचारायचे, ही शिस्त त्याच्या अंगात अजून होती.

“आता तुला सहज जमेल अशी एखादी शिकार कर. अगदी सोपी.”

सुकृतने पंकराज निवडला. पंकराज म्हणजे दलदलीत राहणारा, हत्तीएवढा सरडा. ‘दंष्ट्रा’तले दुसरेच श्वापद. नवशिक्याला तो तासभर छळतो, सुकृत त्याला चार मिनिटांत लोळवत असे. सहा वर्षांत त्याने त्याला किती वेळा मारले असेल याची गणती नव्हती.

शिकार सुरू झाली आणि सरांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी आपली खुर्ची उचलली, टीव्हीकडे पाठ करून मांडली आणि ते सुकृतकडे तोंड करून बसले. मांडीवर एक कोरा कागद, हातात पेन.

“सर, खेळ मागे आहे.”

“ठाऊक आहे. तू खेळ.”

पंकराज चिखलातून वर आला. त्याने शेपूट डावीकडे वळवली. याचा अर्थ आता तो उजवीकडून झडप घालणार, हे सुकृतला झोपेतही सांगता आले असते. त्याचा अंगठा आपसूक खाली गेला. तिथे पूर्वी उडी होती. आता शिकाऱ्याने तलवार म्यान केली आणि तो जागच्या जागी उभा राहिला. पंकराजाने त्याला चिखलात चेपले.

सुकृत हसला. दुसऱ्यांदा त्याने विचार करून बटण दाबले. विचार होईतो अर्धा क्षण गेला होता आणि तेवढ्यात श्वापद येऊन थडकले. त्यानंतर तो हसला नाही. पाठीचा कणा ताठ झाला, जबडा आवळला गेला. तोंडातून अर्धवट वाक्ये निघू लागली. ती आपण बोलतो आहोत हेही त्याच्या ध्यानात नव्हते. सर अधूनमधून कागदावर काही टिपत होते. पडद्याकडे त्यांनी एकदाही वळून पाहिले नाही.

या खेळात शिकारी तीनदा पडला की शिकार संपते आणि रिकाम्या हाताने परतावे लागते. सुकृत साडेसहा मिनिटांत तीनदा पडला. पंकराजाकडून असा तो पाच-सहा वर्षांत हरला नव्हता.

त्याने कंट्रोलर गादीवर ठेवला. कान तापले होते. “याला काही अर्थ नाही सर,” तो म्हणाला. “बटणं बदलल्यावर कोणीही मरेल. यात खेळाचा काय दोष?”

सरांनी मांडीवरचा कागद त्याच्या हातात दिला. त्यावर बारीक, सुवाच्य अक्षरात चार ओळी होत्या.

*ऐकतच नाहीये हा.*

*न सांगता मारतो.*

*ऊठ ना लवकर, किती वेळ.*

*काय भिकार प्रकार आहे.*

“हे तू बोललास,” सर म्हणाले. “आता तुझा लेख घे. ‘रानवेध’वरचा तिसरा परिच्छेद वाच. मोठ्यानं.”

सुकृतने कागद उचलला आणि वाचू लागला. “‘रानवेध’मध्ये शिकाऱ्याचे शरीर खेळणाऱ्याच्या मनाचे ऐकत नाही. श्वापदे हल्ल्यापूर्वी पुरेशी सूचना देत नाहीत. एकदा पडल्यावर उठण्यास लागणारा काळ...” इथे तो थांबला.

“पुढे?”

“‘...काळ अन्यायकारक आहे,’” त्याने वाक्य पुरे केले. त्याचा आवाज बराच खाली आला होता.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेले. सरांनी खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली आणि ते बोलू लागले.

“आपल्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला एक जुना तराजू होता. तुम्ही आलात त्याच्या आदल्या वर्षापर्यंत तो होता. मी बावीस वर्षं त्याच्यावर शिकवलं. मग महाविद्यालयानं एक नवा तराजू आणला. मी त्यावर वजन करून पाहिलं, ते जुन्याशी जुळेना. दरवेळी थोडंसं कमी. मी चिडलो. नवा तराजू सदोष आहे, परत पाठवावा, असं प्राचार्यांना पत्र लिहिलं. भाषा चांगली होती त्या पत्राचीही. एका मुलीनं मला विचारलं, सर, जुन्या तराजूत पारडी बदलून पाहिलीत का? म्हणजे वस्तू डाव्या पारड्यात ठेवतो ती उजव्यात ठेवायची, आणि वजनं डावीकडे. ही रीत मीच त्यांना फळ्यावर शिकवली होती. आमच्या त्या तराजूवर मात्र कधी वापरली नव्हती, कारण त्याच्याविषयी मला शंकाच नव्हती. पारडी बदलली, आणि वजन बदललं. जुन्या तराजूची एक भुजा केसभर आखूड होती. बावीस वर्षं.

“आज तू ‘दंष्ट्रा’ आणि ‘रानवेध’ यांचं वजन करून आणलंस. त्यासाठी वापरलेला तराजू कोणता? तुझे हात. ते ‘दंष्ट्रा’त किती तास मुरलेत?”

“दोन हजारांच्या वर.”

“आणि ‘रानवेध’मध्ये?”

“अकरा.”

“मी फक्त पारडी बदलून पाहिली. पडद्याकडे पाहिलं नाही, कारण मला श्वापद कसं आहे ते पाहायचं नव्हतं. ते मला कळलंही नसतं. मला तराजू पाहायचा होता.”

सुकृतने कंट्रोलर पुन्हा उचलला आणि त्याची बटणे चाचपली. मग त्याच्यातला तक्ते करणारा माणूस जागा झाला. “पण सर, मग तुलना करूच नये का कोणी? प्रत्येकाचे हात कुठेतरी मुरलेलेच असणार.”

“असं मी म्हणालो का? वजन करायचं मी सोडलं नाही. तराजूत त्रुटी असतेच. ती किती आहे ते शोधायचं आणि उत्तरातून वजा करायचं. वजा होत नसेल, तर निदान उत्तराच्या शेजारी लिहून ठेवायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं. तुझ्या बारा मुद्द्यांपैकी हे तीन तुझ्या हातांचे निघाले. उरलेले नऊ कदाचित खरोखरच त्या खेळाचे असतील. मला सांगता येणार नाही. ते तुलाच पाहायला लागेल.”

त्यांनी लेखाचे शेवटचे पान काढले. “आणि हे एक. इथे तू लिहितोस, ‘काही जणांना केवळ नवेपणाचे आकर्षण असते, निष्ठा आणि पारख या दोन्ही गोष्टी त्यांच्या आवाक्याबाहेरच्या असतात.’ हे कोणत्या खेळाविषयी आहे?”

सुकृत टीव्हीमागच्या तारा सोडवायला वळला. सरांनी पुन्हा विचारले नाही. ते कपबशा उचलून आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले. नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

सर बाहेर आले तेव्हा सुकृत तारा गुंडाळत होता. “त्या मुलीचं पुढे काय झालं सर?” त्याने विचारले.

“कोणत्या?”

“पारडी बदला म्हणाली ती.”

सर टेबलावरचे कागद एकसारखे करीत राहिले. “तिच्याच आदल्या वर्षीच्या वहीत एक उत्तर होतं. शेजारच्या शाळेतल्या तराजूवर वजन करून आणलेलं. आमच्याशी जुळत नव्हतं म्हणून मी त्यावर लाल रेघ मारली होती. तिचं बरोबर होतं. जुन्या वह्या चाळताना मला हे कळलं तोवर वर्ष संपून ती दुसऱ्या गावी निघून गेली होती. पत्ता शोधायचा म्हणता म्हणता राहून गेलं.” ते एवढेच बोलले आणि लेख त्याच्या हातात दिला. त्यावर लाल पेनाची एकही खूण नव्हती.

परतीच्या एस.टी.त सुकृतला सरांचा थोडा रागही आला. लेख तयार होता, सोमवारी द्यायचा होता, आणि आता तो देता येणार नव्हता. त्याने संपादकांना फोन करून महिनाभराची मुदत मागितली. संपादक नाराज झाले. त्या रविवारी त्याच्या जागी दुसऱ्याचाच मजकूर लागला.

मग तो ‘रानवेध’ खेळू लागला. कामावरून आल्यावर रोज दीड-दोन तास. पहिले दहा-बारा दिवस जड गेले. त्याने एक वही केली आणि तिच्यात दोन रकाने आखले. काय घडले ते डावीकडे. काय वाटले ते उजवीकडे. पहिल्या आठवड्यात उजवा रकाना भरभरून वाहत होता आणि डाव्यात ‘पुन्हा पडलो’ याखेरीज फारसे काही नव्हते. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी त्याच्या लक्षात आले की इथली श्वापदेही हल्ल्यापूर्वी सूचना देतात. पण ती शेपटीने देत नाहीत, श्वासाने देतात. सहा वर्षे त्याचे डोळे शेपटीवर खिळले होते, आणि श्वास तर ऐकावा लागतो. पहिल्या अकरा तासांत तो आवाज बंद करून खेळला होता.

काही दोष मात्र खरेच निघाले. ‘रानवेध’ची अरण्ये दिसायला सुरेख, पण एकमेकांसारखी होती. शस्त्रे मोजकीच होती. चौघे एकत्र असताना खेळ मधूनच अडखळे. हे त्याने डाव्या रकान्यात लिहिले, आणि ते लिहिताना त्याला पूर्वीसारखा आनंद झाला नाही.

लेख महिन्याने प्रसिद्ध झाला. त्यात गुणांचा तक्ता नव्हता. पहिल्याच परिच्छेदात त्याने सांगून टाकले होते की एका खेळात माझे दोन हजार तास गेले आहेत आणि दुसऱ्यात एकसष्ट. पुढचे सगळे हे ध्यानात ठेवून वाचावे. आपल्याला अजूनही ‘दंष्ट्रा’च अधिक आवडतो, असे त्याने प्रामाणिकपणे लिहिले, त्यातले किती खेळाचे आणि किती सवयीचे, हे पूर्णपणे वेगळे करता आले नाही, असेही लिहिले. निष्ठा आणि पारख यांविषयीचा शेवटचा परिच्छेद त्याने काढून टाकला होता.

लेख पुष्कळांना आवडला नाही. ‘दंष्ट्रा’वाल्यांना तो कचखाऊ वाटला. ‘रानवेध’वाल्यांनी कळवले की आधी आणखी दोनशे तास खेळा, मग बोला. निकाल काय तो सांगा, असे तर दोन्हीकडचे म्हणत होते. सरांचे पोस्टकार्ड आले. त्यात ‘श्वापद’ या शब्दाचे अनेकवचन एके ठिकाणी चुकल्याचे दाखवले होते. बाकी काही नव्हते.

शनिवारी दुपारी सुकृतने फोन हातात घेतला. शाल्मलीला पाठवायच्या संदेशात त्याने बरेच काही लिहिले आणि खोडले. लेखाचा दुवा जोडला, तोही काढला. शेवटी एवढेच पाठवले: “तुला पारख नाही असं म्हणालो होतो. ते चुकलं. मी ‘रानवेध’ खेळतोय, अजून कच्चा आहे. आज मला बरोबर न्याल का?”

तासाभराने उत्तर आले. “सहाला ये.”

सहा वाजता चौघे नदीकाठच्या तळावर भेटले. बाकी दोघांनी नेहमीसारखी चेष्टा केली आणि ते पुढे निघाले. शाल्मली भात्यातले बाण मोजत राहिली. तिच्या शिकाऱ्याच्या अंगावर मोठमोठ्या श्वापदांच्या कातड्यांचे चिलखत होते, सुकृतच्या अंगावर सुरुवातीच्या लहानसहान श्वापदांच्या कातड्याचे.

त्या संध्याकाळी शिकार लांबली. सुकृत दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा श्वापद जखमी होऊन दरीत उतरले आणि बाकी दोघे त्याच्यामागे धावले. शाल्मली थांबली. तिने धनुष्य पाठीला लावले आणि तो उठेपर्यंत ती शेजारी उभी राहिली. उठायला वेळ लागला, या खेळात लागतोच.

“चिडलास?” हेडफोनमधून तिचा आवाज आला. तीन महिन्यांनंतर कानावर पडलेला तिचा पहिला शब्द.

“नाही,” सुकृत म्हणाला. “हात अजून तिकडचे आहेत.”

“माझेही होते. महिनाभर,” ती म्हणाली. “चल. ते आता पाण्यापाशी थांबेल. श्वास ऐक.”

दोघे दरीत उतरू लागले. ती पुढे होती, आणि त्याला गाठता यावे म्हणून हळू चालत होती.